टीव्हीवर राहिलेला आरसा

मी पंचाहत्तरी ओलांडली आहे. या वयात लोकांना घाबरवून मला काय मिळणार? विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर म्हातारीची बडबड म्हणून सोडून द्या. पण जे सांगतेय ते माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. आमच्याच घरात, बाहेरच्या खोलीत.

आणि रात्री नव्हे. भर दुपारी.

आमचे हे बस चालवायचे. लांब पल्ल्याची गाडी. लग्न नवीन होतं तेव्हा मी यांच्याच गाडीतून माहेरी जायची. हे समोरच्या आरशातून मागे बघत बघत मला गोष्टी सांगायचे. कुठल्या वळणावर गाडी बंद पडली, कुठल्या ढाब्यावर कंडक्टर झोपून राहिला. मी म्हणायची, "अहो, रस्त्याकडे बघा." हे म्हणायचे, "रस्ता कुठे पळून जातोय?"

मग डोळ्याचं दुखणं आलं. एका डोळ्याला दिसेनासं झालं आणि निवृत्तीच्या आधीच यांना घरी बसावं लागलं.

बोलणं हळूहळू बंद झालं. आधी शेजाऱ्यांशी, मग मुलाशी, शेवटी माझ्याशी. चहा ठेवला तर प्यायचे. नाही ठेवला तर मागायचे नाहीत. अशी कितीतरी वर्षं गेली. दोन माणसांच्या घरात एकजण गप्प झाला की दुसऱ्याला हातातल्या भांड्याचा आवाजसुद्धा नकोसा होतो.

मुलानं नवा टीव्ही घेतला तेव्हा त्याचा जुना मोठा प्लाझ्मा टीव्ही आमच्याकडे आणून लावला. सोबत एक गेम. बस चालवायचा. टेबलाला अडकवायचं स्टिअरिंगसुद्धा होतं.

यांनी आधी तोंड वाकडं केलं. मग चप्पल काढली, मान ताठ केली आणि बसले.

"यात प्रवासी कुठायत रे?"

"प्रवासी नसतात बाबा. साधा गेम आहे. नुसती रिकामी गाडी चालवायची."

"म्हणजे तिकिटावरून भांडणं नाहीत, खिडकीसाठी मारामारी नाही, ओकणारं पोर नाही," हे म्हणाले. "अख्खी नोकरी अशीच गाडी शोधत होतो की."

मी स्वयंपाकघरात होते. तिथेच उभी राहिले. इतकं लांब बोलणं कधी ऐकलं होतं, आठवेना.

त्या दिवसापासून आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ बस धावू लागली. हे जेवायला लागले. भाजीला नावं ठेवायला लागले. मला बरं वाटलं.

आणि मग एक दिवस बातम्या लावल्या... तर बातम्या देणाऱ्या बाईच्या कपाळावर बसचा आरसा.

फिकट, करडा. पण स्पष्ट. खाली वेग दाखवणारी चकती, वर लांबट आरसा, आणि आरशात मागच्या रिकाम्या सीटा. चॅनल बदलला तरी तेच.

मुलगा आला, बघून वैतागला. "आई, बाबांनी टीव्हीची पार वाट लावली. गेम बंद करा, नाहीतर मी टीव्ही परत घेऊन जातो."

हे काहीच बोलले नाहीत. नुसतं स्टिअरिंग सोडवून टेबलाखाली ठेवलं.

तो गप्पपणा मला परत नको होता. मुलगा गेल्यावर मी स्टिअरिंग पुन्हा टेबलाला लावलं आणि टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

तो म्हणाला, "काकू, हा डाग काचेवर नाही, आत छाप बसलीय. प्लाझ्माला ही खोड असते. जे हलत नाही तेच छापलं जातं. रस्ता, झाडं सारखी पळतात, त्यांची छाप बसत नाही. आरसा जागचा हलत नाही, म्हणून बसला."

"जाईल का?"

"जाईल की. काकांना सांगा, उजेड कमी करून खेळा. आणि हा पेनड्राइव्ह ठेवा. यात नुसता पांढरा पडदा आहे. काका दुपारी झोपले की लावून ठेवायचा. हळूहळू पुसलं जाईल."

तसं मी सुरू केलं.

दुपारी हे आत झोपायचे. मी पडदे ओढून घ्यायची, टीव्हीचा आवाज बंद करायची आणि तो पांढरा पडदा लावायची. सगळी खोली दुधासारखी पांढरी व्हायची. टीव्ही बारीक गुणगुणायचा. समोर बसलं की चेहऱ्याला ऊब लागायची. मी विणकाम घेऊन बसायची.

आधी खालची चकती फिकट झाली. आरसा मात्र होता.

एका दुपारी सुईवरून नजर वर गेली... आणि आरशात काहीतरी वेगळं दिसलं.

अगदी मागच्या सीटवर कुणीतरी बसलं होतं.

चष्मा पुसला. काचेवरून फडकं फिरवलं. माणूसच होता. मान थोडी खाली, मांडीवर काहीतरी घट्ट धरलेलं.

मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"गेममधला असेल, काकू."

"अरे, त्या गेममध्ये माणसंच नाहीत."

"मग छाप कशी बसेल?" तो हसला. "तासन्‌तास न हलता कुणीतरी तिथे बसायला पाहिजे ना."

मी फोन ठेवून दिला.

संध्याकाळी हे खेळत असताना मी मागे जाऊन उभी राहिले. गेममधल्या आरशात सगळ्या सीटा रिकाम्या होत्या.

"अहो, मागे कुणी आहे का?"

"कोण असणार? आपल्या गाडीला गिऱ्हाईक नाही," हे खुशीत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पडद्यावर तो पुढे सरकला होता.

मी त्याला हलताना कधीच पाहिलं नाही. टक लावून बसले तरी नाही. पण दर दुपारी तो आदल्या दिवसापेक्षा पुढच्या सीटवर असायचा. आणखी एक गोष्ट. आरशाची चौकट पुसट होत चालली होती. सीटा पुसट होत होत्या. फक्त तो...

तो गडद होत होता.

मग ती घंटी.

बसमधली घंटी तुम्हाला माहीत असेल. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. त्या दुपारी टीव्हीचा आवाज बंद होता. घरात चिटपाखरू नव्हतं. आणि माझ्या कानाशी वाजली...

टिंग.

एकदाच.

लगेच आतून धाडकन आवाज आला. मी धावत गेले. हे गाढ झोपेत होते, पण उजवा पाय पलंगाच्या फळीवर ताणून दाबलेला. ब्रेक दाबावा तसा.

मी परत बाहेर आले. आता चौकट नव्हती, सीटा नव्हत्या. पांढऱ्याशुभ्र पडद्यावर फक्त तो होता. ड्रायव्हरच्या थेट पाठीमागे. मान वर केलेली. चेहरा असा नव्हताच, पण तो कुणाकडे बघतोय ते कळत होतं. जो रोज स्टिअरिंगवर बसायचा त्याच्याकडे.

मी मुलाला फोन केला. म्हटलं, "आजच्या आज टीव्ही घेऊन जा." हे पुन्हा गप्प झाले तरी चालेल, पण त्याच्यासमोर यांना बसवायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

फोन ठेवून वळले, तर हे दारात उभे. टीव्हीकडे बघत.

मला वाटलं घाबरतील.

"बराच वेळ बसलाय बिचारा," हे म्हणाले.

"तुम्ही ओळखता त्याला?"

"प्रवाशाला कोण ओळखतं? घंटी मारून मारून दमला असेल. मला वाटलं गाडी रिकामी आहे, म्हणून मी कुठे थांबलोच नाही." हे खुर्ची ओढून बसले आणि गेम लावला.

"अहो, नका ना." मी यांचा दंड धरला.

"अगं, माणूस उतरवायला नको? असं कसं म्हणतेस?"

सगळ्या नोकरीत यांनी कुणाला थांब्याच्या पुढे नेलं नव्हतं. ते आता काय ऐकणार? सवयीनं गाडी कडेला घेतली. थांबा आला. गाडी थांबवली. मागे न बघता, नोकरीतल्या त्याच जुन्या आवाजात म्हणाले, "चला, उतरा सावकाश."

आणि दार उघडायचं बटण दाबलं.

दाराचा फुस्स आवाज टीव्हीतून आला.

पुढचा आवाज टीव्हीतून आला नाही.

पायरीवर एक पाऊल. मग आणखी एक. आणि मग... आमच्या फरशीवर.

मी यांच्या दंडाला धरूनच उभी होते. माझ्या अंगावरून तापलेल्या रबराचा आणि जुन्या रेक्झिनचा वास गेला. पावलं बाल्कनीपर्यंत गेली. तिथून परत आली. फार वेळ अवघडून बसलेला माणूस पाय मोकळे करतो ना, तशी. मग भिंतीजवळची वेताची खुर्ची कुरकुरली.

आणि शांत झाली.

संध्याकाळी मुलगा आला. पांढरा पडदा लावून बघितला. एक डाग नाही.

"आई, हा तर नव्यासारखा झालाय. उगाच घाबरवलंस मला."

हे स्टिअरिंग पुसत होते. मुलानं टीव्ही तिथेच राहू दिला. मी त्याला काय सांगणार होते?

तो टीव्ही पुढे बंद पडला. भंगारवाला घेऊन गेला. गेमही गेला.

पण हे गप्प झाले नाहीत. मी जे मनापासून मागितलं होतं ते मला मिळालं. हे आता दुपारभर बोलतात. कुठल्या वळणावर गाडी बंद पडली, कुठल्या ढाब्यावर कंडक्टर झोपून राहिला. मध्ये थांबतात, ऐकून घेतात, हसतात, पुढे सांगतात.

माझ्याशी मात्र नाही. वेताच्या खुर्चीशी.

मी खोलीत गेले की गप्पा थांबतात. पाहुण्यासमोर घरच्या बाईनं मध्येच यावं, तसे हे माझ्याकडे बघतात. दुपारी मी तिथे बसत नाही. काम नसलं तरी स्वयंपाकघरात असते.

काल चहा द्यायला गेले. कप ठेवून वळले, तर यांनी हाक मारली.

"अगं, हा विचारत होता."

"काय?"

"तुझा थांबा कुठला म्हणून."

मी पदरानं टेबल पुसू लागले. यांनी माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे.

"सांगेल, सांगेल," हे त्याला म्हणाले. "घाई कसली आहे?"

खुर्ची कुरकुरली.

मी अजून काही सांगितलेलं नाही. आज सकाळपासून हे दोनदा विचारून गेले.