दवनीवाड्यातली फायरवॉल

दवनीवाड्याहून गोंदियाला जाणाऱ्या एसटीत रचना मांडीवर चादरीचं मोठं गाठोडं घेऊन बसली होती, आणि शेजारचा तरुण त्या गाठोड्याकडे तिसऱ्यांदा बघत होता.

"काय आहे जी याच्यात?" शेवटी त्यानं विचारलंच.

"भांडे."

"असं होय... मंग भांड्याले वायर कायची लटकून राहिली?"

रचनानं खाली पाहिलं. चादरीतून काळी वायर लोंबत होती. तिनं ती घाईघाईनं आत खुपसली.

"कॉम्प्युटर आडवा नका धरू, उभा धरा," तो हळूच म्हणाला. "गाडी आदळते, आतलं ढिलं होते."

"तुमाले काऊन एवढी चौकशी?"

"चौकशी नाही... काळजी."

खिडकीच्या फटीतून पावसाचे शिंतोडे चादरीवर येत होते. त्यानं खिशातला रुमाल काढला, फटीत कोंबला आणि गुपचूप बाहेर बघत बसला. रुमाल पांढरा होता, इस्त्रीचा होता. रचनाला वाटलं, एवढ्याशा ओळखीवर कोण आपला रुमाल भिजवतो? नक्कीच काहीतरी काळंबेरं आहे.

सव्वीस वर्षांची ही मुलगी मुळातच संशयी. दाराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायची. दुधवाल्यानं हसून नमस्कार केला तर दुधात आज पाणी जास्त आहे असं समजायची. तेव्हा गोंदियाच्या स्टँडवर उतरल्यावर तिनं काय केलं असेल? तो तरुण दिसेनासा होईपर्यंत दहा मिनिटं थांबली, मग मुद्दाम लांबच्या रस्त्यानं कॉम्प्युटरच्या दुकानात गेली. काउंटरमागे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तोच उभा होता!

"या," तो म्हणाला. चेहरा गंभीर, डोळे मात्र मिश्कील. "भांडे दाखवा."

त्याचं नाव संघदीप. मूळचा केशोरीचा, गोंदियात खोली करून राहणारा. दुकानातलं काम करून तो तीन शाळांचे कॉम्प्युटरही सांभाळायचा; त्यातल्याच एकीहून परतताना तो एसटीत होता. गोंदियाचे दुकानदार गिऱ्हाईक बाईला 'दीदी' किंवा 'ताई' म्हणतात; हा 'मॅडम' म्हणाला. रचनानं हेही मनात टिपून ठेवलं.

तक्रार विचित्र होती. घरात कुणी हात लावलेला नसताना भरदुपारी फोनच्या तारेला जोडलेला मोडेम किंचाळायचा, फोन आपोआप लागायचा आणि कॉम्प्युटर कुणाशी तरी बोलत बसायचा. कुणाशी, ते कळत नव्हतं.

"ठेवून जा, दोन दिवसांत करून देतो."

"ठेवून नाही जाणार. माझ्यासमोरच करा."

"असं काय आहे त्याच्यात?"

रचनानं गाठोडं आणखी जवळ ओढलं. त्यात अकरा शाळांचे सहामाहीचे पेपर होते. मुख्याध्यापक संघानं पेपर टाइप करून छापायचं हे काम यंदा पहिल्यांदाच एका घरी बसणाऱ्या मुलीला दिलं होतं, आणि पेपर फुटला तर काम तर जाईलच, पण 'देवीदास पोस्टमनची पोरगी' म्हणून गावात जी पत होती तीही जाईल. बाबांनी पस्तीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, एकही न उघडता. तिला तेच नाव राखायचं होतं.

शेवटी संघदीपच म्हणाला, "मंग मीच येतो रविवारी. घरी."

रविवारी दारात उभं राहून त्यानं "जय भीम, काका" म्हटलं आणि देवीदासबाबा तिथंच विरघळले. आईनं, निर्मलाबाईनं, चहात आलं टाकलं. रचना मात्र वही-पेन घेऊन त्याच्या खांद्यामागे बसली. तो जी कळ दाबेल ती लिहायची, असा तिचा निश्चय होता.

"आता काय दाबलं?"

"एंटर."

"आता?"

"एंटरच... मॅडम, मी खोकललो तर तेबी लिहून ठेवसान का?"

तिनं हसू दाबलं. पण दाबलेलं हसू त्याला मॉनिटरच्या काचेत दिसलंच.

त्यानं आतली घाण काढली, व्हायरस मारणारा प्रोग्राम टाकला, आणि मग फायरवॉल बसवली. ती काय असते हे त्यानं खिडकीबाहेरच्या धानाच्या शेताकडे आणि त्याच्या मातीच्या बांधांकडे बोट दाखवून सांगितलं.

"बांधीले चारही बाजूनं धुरा राहते ना? पण पाणी घ्यायले अन् सोडायले वाट ठेवाच लागते. फायरवॉल म्हणजे धुरा. तुमच्या कॉम्प्युटरले हजारो वाटा आहेत, अन् आजवर सगळ्या मोकळ्या होत्या. आता कोणी आत येतो म्हटलं तरी हे अडवल, अन् आतला कोणी बाहेर जातो म्हटलं तरी तुमालेच विचारल."

"आतला बाहेर कायले जाईल?"

"तुमचा फोन लावणारा कोण होता मंग? आतलाच! बाहेरच्यावर सगळेच नजर ठेवतात. आतल्यावर कोणी ठेवत नाही."

नेट लावलं मात्र, पडद्यावर चौकट उगवली. एक प्रोग्राम बाहेर जायला मागत होता. रचनानं 'नाही' दाबलं. दुसरी चौकट, 'नाही'. तिसरी, 'नाही', आणि खाली 'पुन्हा विचारू नका' यावरही टिचकी.

"सगळ्याईलेच नाही म्हणसान तर उपाशी मरल बिचारा," संघदीप म्हणाला. "जो ओळखीचा आहे, त्याले जाऊ द्या."

"ओळखीचा आहे हे कसं समजावं?"

"पाहत राहायचं. कवा येते, काय मांगते, काय नेते... नोंद राहते सगळी, त्याले लॉग म्हणतात. पाहत राहिलं का समजते."

हे म्हणताना तो पडद्याकडे बघत नव्हता.

त्यानंतर त्याला दवनीवाड्याला यायला कारणं सापडू लागली. एका रविवारी कीबोर्डची स्पेसबार बघायला आला, दुसऱ्या रविवारी प्रिंटर कागद खातो म्हणून. "रचनाजी, लॉग दाखवा ना," म्हणायचा, आणि ती मॉनिटर स्वतःकडे वळवून घ्यायची. लॉग तिचा होता! मग दोघं चहा पीत प्रिंटरची करकर ऐकत बसायची. पेन उचलताना तिच्या बोटांना त्याची बोटं लागली, तर तो आधी हात मागे घ्यायचा... आणि मग तिला राग यायचा, की एवढ्या लवकर का घेतला. शनिवारी ती केस धुवायची. का धुतले, असं आईनं विचारलं तर कोंडा झालाय म्हणून सांगायची.

पण लॉगमध्ये एक काटा रुतून बसला होता. नेट लावलं की दोन मिनिटांच्या आत एक चार अक्षरी नावाचा प्रोग्राम बाहेर पडायची धडपड करायचा. त्याची पहिली नोंद होती संघदीप घरी आला त्या दिवसाची. त्याच्या फाइलवरची तारीखही तीच; आधी तो कॉम्प्युटरमध्ये नव्हताच! रचनानं हे कुणाला सांगितलं नाही. त्याला तर नाहीच.

परीक्षेला चार दिवस उरले असताना मुख्याध्यापक संघाच्या भोजराज सरांचा फोन आला. नववीच्या गणिताचा चौथा प्रश्न पोरांना तोंडपाठ होता, आकड्यांसकट.

"तुझ्या कॉम्प्युटरले हात कोण लावते?" सरांनी थेट विचारलं.

रचनाला तो रुमाल आठवला, ती चार अक्षरं आठवली, आणि तिनं नाव सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी तिन्ही शाळांनी संघदीपला येऊ नको म्हणून कळवलं. दुपारी तो दवनीवाड्याला आला. घरात आला नाही. अंगणातच उभा राहिला.

"माझं नाव तुमी घेतलं?"

"हो." तिनं लॉगची छापील पानं त्याच्यापुढे धरली. "हा कोण आहे? तुमी आले त्या दिवसापासून बाहेर जायले पाहून राहिला."

त्यानं पान वाचलं.

"हा व्हायरस मारणारा आहे, रचनाजी. मीच टाकला, तुमच्यासमोर. नेट लावलं का तो नवी दवा आणायले जाते... अन् तुमी त्याले रोज दारातच मारून राहिल्या." त्यानं पान परत दिलं. "तुमच्या वहीत आहे पाहा लिहून. अन् एक सांगतो. तुमचा लॉग साफ आहे. या तारातून काहीच गेलं नाही. मंग पेपर गेला कुठून, ते तुमी पाहा. मी नाही येणार आता."

तो गेला. तिनं वही उघडली. तिच्याच अक्षरात, तिसऱ्या पानावर, ती चार अक्षरं लिहिलेली होती.

रचना घरभर फिरली. तार साफ, फ्लॉपी कुलपात, पेपरांचे गठ्ठे सरांच्या कपाटात. मग कागद आणखी कुठं... तिनं टेबलाखाली वाकून पाहिलं. प्रिंटरनं चावलेली, शाई फासलेली पानं ती तिथल्या खोक्यात टाकायची. खोकं रिकामं होतं.

"आई, खराब पानं कुठं गेली?"

"दुलारीले देऊन राहिली ना मी," निर्मलाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "तिच्या भज्याले कागद लागते. आपल्या घरी बातम्यांचा पेपर येत नाही, तिच्याही नाही. एका बाजूनं तर कोरेच राहतात."

दुलारीची भज्यांची गाडी शाळेच्या फाटकासमोर होती. रचना धावतच गेली. एक पुडा उलगडला. तेलाच्या डागाखाली नववीचं गणित, प्रश्न चौथा.

"चांगला कागद आहे हो तुमचा," दुलारी कौतुकानं म्हणाली. "तेल धरते."

रचनाला रडूही येईना. हजार वाटांवर पहारा ठेवून ती बसली होती, आणि पेपर तिच्या आईच्या हातून कांदाभजी गुंडाळून शाळेत गेला होता. आता गप्प बसणं अगदी सोपं होतं. दोष एका परक्या मुलाच्या नावावर बसलेला होता, पत शाबूत होती, काम शाबूत होतं.

ती सरळ भोजराज सरांच्या घरी गेली आणि तो तेलकट कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. "चूक माझी आहे, सर. त्याची नाही. आजच तिन्ही शाळांत तसं सांगा." सर खूप बोलले. गणिताचा पेपर नव्यानं निघाला, दुसऱ्याकडून. वार्षिकचं काम मिळणार नाही हेही त्यांनी सांगितलं. तिनं मान हलवली आणि सर शाळांना फोन करेपर्यंत समोरून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी ती गोंदियाला दुकानात गेली. संघदीप कुणाचा तरी कॉम्प्युटर उघडून बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"शाळेतून फोन आला मले," तो म्हणाला. "तुमचं काम गेलं म्हणे."

"गेलं."

"मंग गप्प काऊन नाही बसल्या? मी काय, दुसऱ्या शाळा पाहिल्या असत्या."

"नाही बसता आलं." तिनं काउंटरची कड घट्ट धरली. "संघदीप, मी तुमच्यावर लय संशय घेतला. रुमालावर, 'मॅडम' म्हणण्यावर... तुमी हात मागं घेतला त्याच्यावरही. माझा स्वभावच तसा आहे, तो उद्या जाणार नाही. पण तुमी काल अंगणातून गेले ना, तेव्हा पेपर फुटल्याचं वाईट नंतर वाटलं मले. आधी वाटलं, आता रविवारी कोणी येणार नाही." तिनं काउंटरची कड सोडली. "मले तुमी आवडता. एवढ्या एका गोष्टीवर मले संशय नाही."

स्क्रू-ड्रायव्हर काउंटरवर ठेवला गेला. त्याचे कान लाल झाले होते.

"'मॅडम' म्हणण्यावर कायचा संशय?" त्यानं विचारलं.

"बाकी सगळे ताई म्हणतात."

"तुमाले ताई म्हणायचं नव्हतं मले... एसटीतच ठरवलं होतं."

रचना हसली, आणि या खेपेला तिनं हसू दाबलं नाही. बाहेर कुणी गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं. दोघांनाही ते दिसलं नाही.

"घरी येऊ का?" तो म्हणाला. "काकाले विचारायले?"

"या," ती म्हणाली. "पण आज मीच सांगते त्यांना. एकदा तुमचं नाव घेऊन चूक केली. आता बरोबर घेते."