उलटा हात

हे खरं आहे. आधीच सांगते, मध्ये कुणी हसायचं नाही.

आणि रात्र नव्हती. तुम्ही लगेच अंधार, वारा, कुत्र्यांचं रडणं वगैरे डोळ्यांपुढे आणाल. तसलं काहीच नव्हतं. भर सकाळ होती. ऊन इतकं की दोरीवर कपडे टाकता टाकता वाळत होते. आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत झालं हे. मी तिथे होते.

तिथे म्हणजे... आत बसले होते.

माझ्या दादाला तुम्ही ओळखता. वायरमन आहे. डाव्या हाताने चहा पितो, बघितलंय ना? तो डावरा नाहीये. ते मी शेवटी सांगते.

आमचं घर दोन खोल्यांचं. आई, बाबा, मी, दादा, वहिनी आणि त्यांची पिटुकली, नुकतीच चालायला लागलेली. कुणी कूस बदलली तरी सगळं घर जागं व्हायचं. वहिनी एकदा भांडी घासता घासता म्हणाली, "मला चाकांवरचं का होईना, पण आतून कडी लावता येईल असं घर पाहिजे."

दादाने ते अगदी शब्दशः घेतलं. महिन्याभरात ट्रेलर घेऊन आला.

फायबरचा, अंड्यासारखा गोल. गाडीच्या मागे जोडून न्यायचा असतो तसला. आत पलंग, ओटा, छोटं कपाट. बाहेरून पार पिवळा पडलेला, आत कोंदट वास. वहिनी नाक दाबून म्हणाली, "हे घर आहे की कुणी फेकून दिलेला फ्रीज?" पण दुसऱ्या दिवसापासून पडदे शिवायला बसली.

ज्या काकूंकडून आणला त्यांच्याकडे मीही गेले होते. कधीपासून त्यांच्या अंगणात पडून होता. काकू पायरीच्या खाली उतरल्या नाहीत. ट्रेलरकडे बघितलं पण नाही. दादा गाडीला हुक लावत होता तेव्हा एवढंच बोलल्या...

"दार उघडताना उलटा हात लावायचा. तळवा नाही."

दादा हसला. "काकू, मी वायरमन आहे."

"माझे हेही होते," त्या म्हणाल्या. "नेताय ना? मग न्या." आणि दार लावून घेतलं.

उलटा हात म्हणजे काय ते सांगते, कारण सगळं त्याच्यावरच आहे. करंट लागला की हाताची मूठ वळते. आपोआप. तळव्याने धरलेलं असेल तर मूठ आणखी आवळते, माणूस सुटत नाही. हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श केला तर मूठ वळताना हात मागे येतो. म्हणून जुने वायरमन संशय आला की आधी उलटा हात लावतात. दादानेच मला शिकवलंय.

आणि ट्रेलरला ते जास्तच लागू. वरचं अंडं फायबरचं, त्यातून करंट जात नाही. पण खालचा सांगाडा लोखंडी. पायरी लोखंडी. दाराचं हँडल लोखंडी, चौकटीतून सांगाड्याला जोडलेलं. कुठे वायर सोलून सांगाड्याला टेकली आणि अर्थिंग नसलं, तर आतल्या माणसाला कळतही नाही. मरतो तो, ज्याचा एक पाय जमिनीवर आहे आणि हात हँडलवर.

दादाला ती जागा सापडली. चाकाच्या वरच्या बाजूला, कपाटाच्या मागे. वायरचं प्लास्टिक घासून गेलेलं, तांबं काळं पडलेलं. अर्थिंगची वायर कुणीतरी कापून चिकटपट्टीने गुंडाळून ठेवलेली.

त्याने ती चिकटपट्टी सोडवून बघितली. मग म्हणाला, "काकूंचा नवरा असाच गेला असणार."

मी म्हटलं, "देऊन टाक परत."

"खूळ लागलंय का? रोग सापडला म्हणजे पेशंट बरा."

आणि खरंच, त्याने जुनी वायर सगळी उपसून काढली. नवी घातली. सांगाड्याला जाड अर्थिंग जोडलं. करंट जरा जरी गळला तरी क्षणात बंद पडणारा स्विच बसवला. लोखंडी हँडल काढून भंगाराच्या पिंपात टाकलं, जाड प्लास्टिकचं नवं लावलं. फायबरला भेगा होत्या त्या भरल्या. दाराच्या जुन्या रंगाची साल मी स्वतः पॉलिश पेपरने घासली. हँडलच्या भोवती जरा जास्तच घासली गेली. ताटाएवढी जागा इतकी पातळ झाली की आतून बघितलं तर ऊन आरपार दिसायचं... मधासारखं.

आमचा एक नियम होता. जो आत काम करणार, तो ट्रेलरच्या केबलचा प्लग आत घेऊन बसणार. मांडीवर. म्हणजे बाहेरून कुणी चुकून सुद्धा लावणार नाही. दादा दर वेळी ओरडायचा, "प्लग कुणाच्या मांडीवर?" आणि मी "माझ्या" म्हटल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

आणि त्याची एक घाणेरडी सवय होती. टेस्टर लावता लावता एकदम अंग ताठ करायचा, डोळे फिरवायचा आणि "धरलं... धरलं..." करायचा. आई पहिल्यांदा रडली होती. नंतर नंतर कुणी ढुंकूनही बघायचं नाही.

हे लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट झाली ती आवाजाची.

मी आत कपाटाला रंग देत होते. प्लग मांडीवर. ट्रेलरची बॅटरी काढून बाहेर झाडाखाली ठेवलेली. म्हणजे करंटचा थेंब नव्हता आत. आणि तरी...

गुणगुण येत होती.

डीपीच्या जवळून जाताना येते ना, तशी. बारीक. दातांत जाणवणारी.

माझ्या हातावरचे केस उभे राहिले. भीतीने नाही. स्वेटर काढताना राहतात तसे.

मी दादाचा टेस्टर उचलला आणि सॉकेटला लावला. काही नाही. सांगाड्याला लावला. काही नाही. मग मला काय वाटलं कोण जाणे... मी तो भिंतीला लावला. फायबरला.

लागला.

लाल. स्वच्छ.

मी बाहेर आले ती पळतच. दादाला सांगितलं. तो आत गेला, भिंतीला टेस्टर लावला... काही नाही.

"फायबरमध्ये करंट," तो वहिनीला म्हणाला. "उद्या ही प्लास्टिकच्या बादलीत पण शॉक बसला म्हणेल."

वहिनी म्हणाली, "बादलीत नाही, बुद्धीत बसलाय." दोघं हसले. मला राग आला आणि मी पुन्हा एकटी आत गेले नाही.

पिटुकली मात्र सारखी तिकडे जायची. दारासमोर उभी राहायची. हात पुढे करायची. वहिनी उचलून आणायची, ती परत जायची.

मग ती सकाळ.

मी ब्रश घेऊन परसात आले... आणि थांबले.

दारावर जुनं हँडल होतं.

लोखंडी. पिंपात टाकलेलं. स्क्रू पार गंजलेले, त्यांच्यावर जुन्या रंगाचा थर, जणू कधी कुणी काढलंच नव्हतं. प्लास्टिकचं नवं हँडल खाली पायरीवर पडलं होतं. वितळलेलं.

दादाने आधी पिंपात डोकावून बघितलं. मग माझ्यावरच उलटला.

"तू लावलंस?"

"मी कशाला लावू?"

"तुला हे नकोच होतं पहिल्यापासून. आम्ही इथेच तुमच्या पायात मरायचं का?"

"दादा, त्याला हात लावू नकोस. आपण देऊन टाकू."

"कुणाला देऊ? एवढं सगळं केल्यावर?" तो खरंच चिडला होता. "आज रात्री बायको-पोरीला घेऊन इथे झोपणारे मी. आत जा. प्लग घे. तुला दाखवतोच."

मी पलीकडच्या खिडकीतून आत चढले. दाराला हात लावायची हिंमत नव्हती. केबल आत ओढून घेतली, प्लग मांडीवर ठेवला. दार बंद. बाहेर दादा. वहिनी दोरीवर कपडे टाकत होती, पिटुकली तिच्या पायाशी. कपड्यांचं पाणी निथळून दारापुढची माती ओली झालेली.

"प्लग कुणाच्या मांडीवर?"

"माझ्या."

"बॅटरी?"

"झाडाखाली. दादा, उलटा हात लाव."

"प्लग तुझ्या मांडीवर, बॅटरी झाडाखाली. मग उलटा कशाला?"

आणि त्याने हँडल धरलं. तळव्याने.

मी दाराकडे बघत होते. त्या पातळ जागेतून ऊन येत होतं आणि त्यात त्याच्या हाताची सावली पडली. त्याचीच. लहानपणी झाडावरून पडून त्याची करंगळी मोडलेली आहे, ती कायम बाहेर वळलेली असते. सावलीत पण तशीच दिसत होती.

"बघितलंस? काही..."

तो बोलायचा थांबला.

गुणगुण सुरू झाली.

बाहेरून वहिनीचा आवाज आला. "पुरे झालं नाटक. पोरगी घाबरेल."

मला पण क्षणभर तेच वाटलं. नाटक करतोय.

मग त्या सावलीवर दुसरी सावली आली.

आणखी एक हात. मोठा. तो दादाच्या हातावर वरून बसला. सावकाश. एक एक बोट करून... आवळत गेला.

"अहो, पुरे म्हणते ना," वहिनी म्हणाली. आणि मग तिचा आवाज जवळ आला. येत होती ती. हात लावून त्याला हलवणार होती.

मी किंचाळले, "वहिनी, शिवू नको त्याला!"

पलंगाची फळी सुटी होती. लाकडी, कोरडी. ती दोन्ही हातांनी धरली आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून दारावर घातली. एकदा. दार हललं नाही. बाहेरून धरून ठेवल्यासारखं. दुसऱ्यांदा...

दार उघडलं. दादा चिखलात उताणा पडला.

श्वास चालू होता.

वहिनी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, सारखं एकच म्हणत होती, "मला वाटलं नाटक करतायत. मला वाटलं नाटक करतायत."

त्याचा तळवा भाजलेला होता. ते समजू शकतं. पण हाताच्या मागच्या बाजूला... चार बोटांचे वळ होते. काळेनिळे.

आणि प्लग. तो मी उठले तेव्हा मांडीवरून पडला होता. ही जीन्स बघा. हीच होती अंगात. ही जळलेली तीन भोकं दिसतायत ना... पिनांची आहेत.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "शॉक कशाचा लागला?"

दादा म्हणाला, "कशाचाच नाही."

त्यानंतर त्याच्या उजव्या हाताला काही कळत नाही. हलतो, पण गरम नाही, गार नाही. सुई टोचली तरी कळत नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू.

मी आणि वहिनी त्या काकूंकडे गेलो. वहिनी भांडायलाच निघाली होती. काकूंनी दार उघडलं... उलट्या हाताने. स्वतःच्या घराचं, लाकडी दार.

वहिनी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "सुटला?"

"हो," मी म्हटलं.

त्या उंबऱ्यापर्यंत पुढे आल्या.

"पूर्ण?"

त्यांनी दार लावून घेतलं. वहिनी वाटभर माझी बाही धरून चालली. बाई भांडायला गेली होती हो.

ट्रेलर कुणी न्यायला तयार नाही. भंगारवाला आला, दारापर्यंत गेला, आणि तसाच मागे फिरून निघून गेला. शेवटी दादाने स्वतःच दार बंद केलं. कायमचं. हँडलसकट तेवढा तुकडा कापून काढून, त्या भोकावर फायबरचे थर चढवून, डाव्या हाताने. रंग दिला नाही. म्हणाला, नंतर देऊ.

तो थर पण तसाच आहे. मधासारखा.

संध्याकाळी पलीकडच्या खिडकीतून ऊन आत शिरतं आणि दाराची ती जागा बाहेरून उजळते. परवा मी वाळलेले कपडे काढत होते. सहज बघितलं.

आत हात होता. थराला टेकवलेला. आतून.

मला वाटलं, तो मोठा हात असेल, त्या सकाळचा... म्हणून मी नीट बघितलं. मोठा नव्हता तो.

करंगळी बाहेर वळलेली होती.

मी कुणालाच सांगितलं नाही. काय सांगणार? घरात सगळे पुन्हा त्याच दोन खोल्यांत झोपतो. कुणी कूस बदलली की सगळे जागे होतात. फक्त दादा कूस बदलत नाही. हात छातीवर ठेवून सरळ झोपतो, उठेपर्यंत तसाच.

काल संध्याकाळी तो माझ्या शेजारी उभा होता. डाव्या हातात चहा. पिटुकली आमच्या पायांतून निघाली, दारासमोर जाऊन उभी राहिली. त्या उजळलेल्या जागेकडे बघून खूष होऊन हसली.

आणि बोट दाखवून म्हणाली,

"बाबा."

मी दादाकडे बघितलं.

त्याने वळून पाहिलं नाही. चहाचा घोट घेतला, आणि उजवा हात खिशात घातला.