महिपतचा बिल्ला नंबर

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

१९९४ साल, श्रावण संपत आलेला. भाईंदरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला पत्रे कापायचा कारखाना. आणि वेळ भरदुपारची. असल्या गोष्टींना रात्रच लागते, असं कुणी सांगितलं?

मी रश्मी, तिथे प्रोग्रॅमर होते. माझा धाकटा भाऊ यतीन त्याच आठवड्यात प्रेस मशीनवर लागला होता. त्याच मशीनवर जवळच्या मुर्धा गावचा महिपत अपघातात गेला होता. आमच्याकडे पद्धत अशी की माणूस गेला, तर त्याचा बिल्ला नंबर नव्या माणसाला द्यायचा. यतीनला महिपतचा मिळाला.

"नंबरला काय चिकटलंय? तू पण ना!" तो हसला होता.

पाळीच्या चिठ्ठ्या माझा आरपीजी भाषेतला प्रोग्रॅम छापायचा. त्यात डेटा स्ट्रक्चर असतं, आपल्या मिसळणाच्या डब्यासारखं. एका कप्प्यात नाव, एकात नंबर, एकात मशीन. नव्या माणसाची माहिती घालण्याआधी कप्पे पुसायचे. नाहीतर मागच्याचं उरलेलं पुढच्याच्या चिठ्ठीवर येतं.

दुपारची पाळी लागली. यतीनची चिठ्ठी निघाली.

नाव… महिपत.

"अगं, क्लिअर करायचं राहिलं असेल," माझे साहेब आत्माराम सर म्हणाले आणि जेवायला गेले.

राहिलं नव्हतं. तरी सुरुवातीलाच सगळे कप्पे कोरे करायची आणखी एक ओळ घातली. फाइल उघडून बघितली. तिथे यतीनचंच नाव. महिपतची नोंद तर केव्हाच काढलेली.

पुन्हा चालवला.

महिपत.

मग प्रोग्रॅम एकेका ओळीवर थांबवत गेले. क्लिअर झालं. नावाचा कप्पा कोरा. पुढच्या ओळीत मी काहीच भरायला सांगितलं नव्हतं…

कप्पा भरला.

बाहेर यतीनचा प्रेस धाडधाड चालू होता. नोकरी गेली चुलीत, मला माझा भाऊ हवा होता! इंटरकॉमवर ओरडले, "यतीनला मशीनवरून उतरवा!"

"चिठ्ठी चुकली म्हणून मशीन बंद करू? मॅडम, कायतरीच!" सुपरवायझरने फोन आपटला.

मी स्क्रीनसमोर हात जोडले. "महिपतदादा, पाया पडते. माझ्या भावाला सोडा."

आणि परत क्लिअर केलं.

नाव गेलं. नंबर शून्य. सगळे कप्पे कोरे… आणि कोरेच राहिले.

बाहेर प्रेस थांबला.

मी धावत सुटले. यतीन धडधाकट उभा होता. हात शाबूत, बोटं शाबूत. मी रडतच त्याला मिठी मारली.

त्याने मला हळूच बाजूला केलं.

"कोन तुमी?"

आणि तो चालत गेटबाहेर गेला. तिथे महिपतची आई भीमाबाई सुकट विकायला बसायची. यतीन तिच्याशी कधी बोललाही नव्हता. त्याने तिची पाटी उचलून डोक्यावर घेतली.

"आये, चल घरा."

भीमाबाई माझ्याकडे बघायला लागली. "बाय गो, यो माजा पोर न्हाय. मना ठाव हाय. पन…"

तिने त्याचा हात काही सोडला नाही.

डॉक्टर झाले, देवऋषी झाले. यतीन अजून मुर्ध्यातच राहतो. भाऊबीजेला बोलावलं तर येतो, पाटावर बसतो. मी ओवाळते. दर वर्षी वाटतं, आज तरी ओळखेल.

तो तबकात ओवाळणी घालतो, चपला घालतो.

"येतो, मॅडम," म्हणतो.