दोन नंबरच्या नेटमध्ये सगळ्यांनाच उशीर

चेंडू पडला, उसळला आणि मुंगीची बॅट खाली येईपर्यंत तिच्या मागच्या यष्ट्या आडव्या झाल्या होत्या. सकाळपासूनची ही पाचवी वेळ.

"उशीर," सर म्हणाले. "पुन्हा उशीर."

सुट्टीतल्या क्रिकेट शिबिराचा तो नववा दिवस होता. मुंगी शाळेच्या संघाची सलामीची फलंदाज. बारा वर्षांची, पण अंगाने एवढीशी, म्हणून ते नाव पडलेलं. मागच्या वर्षी तिला बाद करताना भल्याभल्यांच्या तोंडाला फेस आला होता. आणि इथे सरांनी तिची पकड बदलली, पाय ठेवायची जागा बदलली, बॅट किती मागे न्यायची तेही बदललं, तरी चेंडू आपला तिच्या आधी हजर! घरी ती मोज्यात चेंडू घालून तो दाराच्या चौकटीला टांगायची आणि आई जेवायला हाक मारेपर्यंत ठोकत राहायची. उपयोग शून्य.

त्या दिवशी सरांनी तिला बाजूला घेतलं. काहीजणांची नजर जरा संथ असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं समजावलं. शनिवारी सामन्यासाठी संघ निवडायचा होता, तिने फार आशा ठेवू नये, असंही सांगितलं. ते रागावले असते तर तिने सहन केलं असतं. पण ते मायेने बोलले आणि तिचे डोळे भरून आले.

पायरीवर तिचा मामेभाऊ वही घेऊन बसला होता. प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. सायकलवरून पडून त्याचा डावा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून कोण कसं बाद झालं ते लिहायचं काम सरांनी त्याला दिलं होतं. मुंगी शेजारी येऊन बसली तेव्हा तो वहीत नाक खुपसून होता.

"तुझी नजर संथ असेल तर खडूचीही संथ आहे," तो म्हणाला.

खडू म्हणजे शिबिरातली सगळ्यात उंच, सगळ्यात सडपातळ आणि सगळ्यात चांगली फलंदाज. वकिलाने पानं उलटून दाखवली. एक नंबरच्या नेटमध्ये खडू आठ दिवसांत एकदाच त्रिफळाचीत झाली होती. दोन नंबरच्या नेटमध्ये ती एकच दिवस खेळली आणि तीनदा गेली. फक्त तीच नाही, त्या नेटमध्ये जो जाईल त्याच्यापुढे 'उशीर' हाच शेरा होता. आणि मुंगी रोज तिथेच खेळत होती.

त्यांनी खडूलाही बोलावून घेतलं आणि तिघांनी त्या नेटभोवती चार चकरा मारल्या. सिमेंटची ती पट्टी सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यात नवीन केली होती. सिमेंट गुळगुळीत नव्हतं, उतार नव्हता, चेंडूही दोन्हीकडे सारखेच. मग खडू गोलंदाजाच्या जागेवर उभी राहिली आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिला समोरच्या यष्ट्या उगीचच मोठ्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी मुंगी आईच्या शिवणाच्या डब्यातली मेजपट्टी घेऊन आली. ती पाच फुटांची. सगळे डबा खायला गेल्यावर तिघं कामाला लागली. मुंगी एक टोक धरायची, खडू दुसरं, आणि वकील खडूने खुणा करायचा. खडूने खुणा करतो म्हणजे नक्की कोणाला धरून, यावरही त्याने एक विनोद केलाच. एक नंबरच्या नेटमध्ये यष्ट्यांपासून यष्ट्यांपर्यंत तेरा मेजपट्ट्या आणि वर एक फूट भरले. म्हणजे सहासष्ट फूट, अगदी नियमाप्रमाणे. दोन नंबरच्या नेटमध्ये भरल्या बारा. साठ फूट!

त्यांनी पुन्हा मोजलं. पुन्हा बाराच.

"सहा फूट कमी," मुंगी हळूच म्हणाली. "मला उशीर होतच नव्हता."

मैदान सांभाळणारे काका पाइप गुंडाळत होते. तिघं त्यांच्याकडे धावली. काकांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा पारा चढला. पट्टी त्यांनी स्वतः, स्वतःच्या टेपने मोजली होती, बरोबर सहासष्ट. शिवणाची मेजपट्टी घेऊन पोरांनी त्यांना अक्कल शिकवू नये. सरांकडे गेली तर सरही चहा पीत म्हणाले, की सबबी शोधण्यापेक्षा सराव करा.

वकील मात्र तोवर काकांच्या खोलीत डोकावून आला होता. खिळ्याला गोल डबीतली लांब कापडी टेप लटकत होती. परत आला तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं. त्याने दोघींच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि मग तिघांनाही आवरेना.

संध्याकाळी सगळे जमलेले असताना मुंगी साळसूद चेहऱ्याने काकांपुढे उभी राहिली. शिबिराच्या फॉर्मवर उंची लिहायची आहे, काका जरा मोजतील का, असं तिने विचारलं. सर शेजारीच होते. काकांनी टेप आणली, टोकाची कडी तिच्या टाचेखाली दाबली आणि टेप डोक्यापर्यंत ओढली. त्यांनी आकडा वाचला. डोळे चोळून त्यांनी पुन्हा वाचला.

"किती?" सरांनी विचारलं.

"दहा फूट सात इंच," काका पुटपुटले.

मैदानावर असा हशा पिकला की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. सर हसले नाहीत. त्यांनी टेप हातात घेतली. कडीला लागूनच सहाचा आकडा होता. पहिले सहा फूट कधीतरी तुटले होते आणि कुणीतरी उरलेल्या टोकाला कडी बांधून ठेवली होती. सर टेपकडे बघत राहिले, मग दोन नंबरच्या नेटकडे, मग मुंगीकडे.

काकांनी त्याच संध्याकाळी नवी टेप आणून यष्ट्या सहा फूट मागे नेल्या आणि नव्या रेषा मारल्या. सकाळी सरांनी मुंगीला जुन्या पद्धतीने बॅट धरायला सांगितली आणि स्वतः चेंडू टाकला. गंमत अशी, की आता तिची बॅट चेंडूच्या आधी पोहोचली! चेंडू हवेत उडाला आणि खडूने तो झेलला. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला मुंगीने श्वास धरून वाट पाहिली, चेंडू डोळ्यांखाली येऊ दिला, आणि मग टोला हाणला. चेंडू सरांच्या पायाजवळून सुसाट गेला.

शनिवारी पालकांसमोर संघ वाचताना सरांनी सलामीला मुंगीचं नाव घेतलं आणि कागद खाली ठेवला.

"नऊ दिवस मी हिच्यातच चूक शोधत होतो," ते म्हणाले. "या तिघांनी ती मेजपट्टी लावून शोधली. चूक माझी होती, मी तपासायला हवं होतं." काकांनी सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

घरी निघताना सरांनी मुंगीला थांबवलं. चेंडू ठोकताना तिचं डोकं डावीकडे कलतं, हे मात्र खरंच आहे, आणि ते दुरुस्त केलं पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. उद्या सात वाजता जमेल का, असं विचारलं.

मुंगी साडेसहालाच पॅड बांधून नेटमध्ये उभी होती.