श्यामकांतची रीडिंग्ज

विद्यापीठ हे ज्ञानाचं मंदिर आहे आणि तिथे सत्याखेरीज दुसऱ्या कोणत्याही देवाची पूजा होत नाही. मुलुंडच्या एका कॉलेजात, फिजिक्सच्या लॅबमध्ये, पंच्याऐंशी सालापर्यंत श्यामकांत नावाच्या एका माजी विद्यार्थ्याच्या रीडिंग्जची पूजा होत असे. जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हच्या प्रयोगात मीटरचा काटा त्याच्या वेळेस शेवटचा हलला होता. पुढच्या प्रत्येक बॅचने त्याचेच आकडे जर्नलमध्ये उतरवले, सरांनी सह्या केल्या, आणि कोणाचं काही अडलं नाही.

जयवंतचंही अडलं नसतं. पण त्याच्या पार्टनरला कांजिण्या आल्या आणि त्या जागी टेबलाशी वर्गातली क्षमा येऊन उभी राहिली. ओली वेणी पाठीवर टाकत तिने स्विच दाबला... आणि काट्याकडे टक लावून पाहत राहिली.

"लिही ना गं. श्यामकांतचे आकडे आहेत, एकदम भरवशाचे."

"तू काटा बघितलास?"

"मी — दुसरीकडे बघत होतो."

"कुठे?"

"...वेणीकडे."

"मग तसं लिही." ती हसली नाही, डोळे मात्र हसले. जयवंतने हे टिपलं. लॅबमधलं त्याचं स्वतःचं असं हे पहिलंच निरीक्षण.

तिने जर्नलमध्ये लिहिलं, काटा हलला नाही. खाली आणखी एक ओळ जोडली की नाक्यावरच्या पानवाल्याकडेसुद्धा ट्रान्झिस्टर वाजतो, मग आम्हाला अजून व्हॉल्व्ह कशाला? लॅबच्या कर्णिकसरांनी सही नाकारली. सही नाही तर परीक्षा नाही; म्हणजे वर्षाची वाट लागली. मुकाट आकडे उतरव, मी विसरून जाईन, असंही सर म्हणाले. ती नाही म्हणाली.

कॅन्टीनमध्ये जयवंतने तिला परोपरीने समजावलं. तिने त्याच्याच बशीतला वडा उचलला आणि विचारलं, तुला मनापासून वाटतं का मी खोटं लिहावं? त्याला वाटत नव्हतं. पण गिरणी बंद पडल्यापासून त्याचे वडील कांजूरमार्गच्या खोलीत बसून होते, आणि अख्खं घर त्याच्या डिग्रीकडे डोळे लावून होतं.

मग अभ्यासक्रमाचा दर्जा तपासायला विद्यापीठाची समिती आली. अध्यक्षांनी नेमकं जयवंतलाच विचारलं, काय रीडिंग आलं? त्यांच्या पाठीमागे उभे राहून कर्णिकसर श्यामकांतचा आकडा ओठांनी पुटपुटत होते.

"काहीच नाही, सर," जयवंत म्हणाला. "काटा हलत नाही. आम्ही सगळे खोटं लिहितो. ही एकटी खरं लिहिते, तर हिलाच परीक्षेला बसू देत नाहीत."

बाहेर, स्टाफरूमच्या खिडकीखाली, क्षमाने त्याला गाठलं.

"माझ्यासाठी बोललास?"

"प्रयोगासाठी बोललो. तुझ्यासाठी अजून... बोललोच नाही."

"मग बोल."

"उद्या चालेल?"

"नाही."

"आवडतेस तू मला. सही मिळो, न मिळो."

तिने त्याचा हात धरला. वर खिडकीत कर्णिकसर खाकरले. मग पुन्हा, जरा मोठ्याने. तिने हात सोडला नाही.

सरांनी दोघांच्याही जर्नलवर सही केली. समितीला पुन्हा खुलासे कोण देत बसणार? अभ्यासक्रमही बदलला. तो पुढच्या बॅचपासून लागू झाला. या दोघांना जुन्यातच सेकंड क्लास मिळाला.