दार लावण्याआधी विचारायचं असतं

हे खरं आहे. माझ्या आईसमोर घडलंय, आणि आईला थापा मारता येत नाहीत. विनोदही कळत नाहीत.

गेल्या वर्षीची गोष्ट. रविवारची दुपार, आमचं तिसऱ्या मजल्यावरचं घर, शेजारी कोणीतरी भिंतीत ड्रिल मारतंय. भुताला अगदीच गैरसोयीची वेळ.

आजोबा, म्हणजे आईचे वडील, आमच्याकडेच राहायचे. नौदलातले मोठे अधिकारी. युद्धात त्यांच्या जहाजाला टॉर्पेडो लागला, खाली इंजिनखोलीत पाणी घुसलं. आजोबांनी तिचं लोखंडी दार लावून टाकलं आणि जहाज वाचवलं. त्याबद्दल शौर्यपदक. मग बढत्या, भाषणं, एका शाळेत तैलचित्रसुद्धा. चित्रात ते हसतायत. आम्ही घरात ते दृश्य कधी पाहिलं नाही.

जहाजावरचा नियम असा, की दार लावण्याआधी आत हाक मारायची. उत्तर आलं नाही, तरच लावायचं.

आजोबांनी हा नियम घरीही चालू ठेवला होता. कपाट, बाथरूम, फ्रिज... सगळीकडे.

"आत कोणी आहे?"

"अंडी आहेत, साहेब," मी म्हणायचो.

"बाबा, फ्रिजमध्ये कोण असणार?" आई वैतागायची.

"विचारायचं असतं."

मग ते कान देऊन थांबायचे. बर्फ वितळायला लागायचा. आतून काहीच आलं नाही, की त्यांचे खांदे सैल पडायचे.

त्या दुपारी आईने अडगळीच्या खोलीतून इस्त्री काढली. आजोबा सवयीने दार लावायला गेले.

"आत कोणी आहे?"

शेजारचं ड्रिल थांबलं.

आणि आतून...

"आहोत, साहेब."

आईने माझ्याकडे पाहिलं. "गधड्या, तू?"

मी नकारार्थी मान हलवली. माझ्या तोंडात बिस्किट होतं.

खोलीत एक जुना पंखा, फरशी पुसायचा दांडा आणि एक बॅग. बाकी एक माणूस जेमतेम मावेल एवढी जागा.

आजोबा पांढरेफटक पडले होते.

"किती जण?" त्यांनी विचारलं.

ते कान देऊन थांबले. मग...

"सगळे."

आजोबा आमच्याकडे न बघता म्हणाले, "तेव्हाही उत्तर आलं होतं. मी वर सांगितलं, आलं नाही. त्याचंच पदक."

"बाबा, इकडे या बघू. चहा ठेवते."

"ठेव. त्यांना घेऊन येतो."

चपला काढून ते आत गेले.

आणि दार लागलं.

त्या दाराला आतून कडीच नाही. बाहेरची कडी उघडी. तरी आम्ही दोघांनी ओढलं, तर भिंत ओढल्यासारखं.

"आजोबा! आत कोणी आहे?"

काही नाही.

मी दाराला कान लावला. हूं नाही की चूं नाही...

शेवटी खालचे सुतारकाका आले. बिजागऱ्या काढता काढता म्हणाले, "पाणी मुरून फुगलंय हे." दार कोरडं ठणठणीत होतं.

आजोबा दाराशीच बसलेले. गेलेले. कपडे कोरडे, फरशी कोरडी.

फक्त दोन्ही मुठी...

सांध्यांवरची कातडी पार सोलली होती. दाराच्या आतल्या बाजूला रक्ताचे डाग. वरपासून खालपर्यंत.

ते दार बडवत होते. आणि मी त्याच लाकडाला कान लावून उभा होतो.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. आम्ही मान डोलावली. आईने निवलेला चहा ओतून दिला.

आता घरातली सगळी दारं काढून टाकली आहेत. बाथरूमला पडदा आहे. पाहुणे येईनासे झालेत. फ्रिजचं दार तेवढं ठेवावं लागलं.

ते लावताना मी विचारतो. गंमत म्हणून नाही.

आतून काहीच येत नाही. आजोबांना तेवढ्यावर निवांत वाटायचं...

मला नाही वाटत.