फौजदार जेवत नाही

दार उघडलं, तर उंबऱ्याला टेकून एक काळा कुत्रा झोपलेला.

दुसऱ्या लाटेत मला करोना झाला होता. त्यातून उठून मी पहिल्यांदाच खोलीबाहेर पाऊल टाकत होते. पायांत जोर नव्हता, जिभेला चव नव्हती. सोबतच्या मुली कधीच आपापल्या गावी निघून गेल्या होत्या. शहराबाहेरच्या नेरे गावातल्या त्या माडीवर मी, माझा लॅपटॉप आणि घरमालकीण गोजराकाकू दाराबाहेर ठेवून जायच्या तो डबा... बस. कुत्र्यानं डोळे न उघडताच हनुवटी माझ्या पावलावर टेकली. ऊबदार, जड. कितीतरी दिवसांनी कुणीतरी मला शिवलं होतं. मला पाय काढवेना.

"फौजदार! ये खाली!"

जिन्याच्या तळाशी एक उंच तरुण उभा होता. तोंडाला रुमाल, हातात दूध-भाकरीचं पातेलं आणि डोळे जागरणानं तांबारलेले.

"तुमचा आहे?" मी विचारलं.

"आण्णांचा. माझ्या वडलांचा." त्यानं हातातल्या पातेल्याकडे पाहिलं. "जेवत न्हाई तो. आठवडा झाला."

"वर येऊ नका हं, मी आत्ताच आजारातून—"

"आमच्या घरात समद्यांना हून गेलं, म्याडम. आता कुनाला भ्यायचं..."

त्यानं पातेलं वरच्या पायरीवर ठेवलं. फौजदारनं नुसतं हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसले, त्याच्या कपाळावर हात ठेवला. "खा रे." त्यानं दोन घास खाल्ले. मग आणखी दोन. तो तरुण मटकन पायरीवरच बसला.

"खाल्लं," तो स्वतःशीच म्हणाला.

तो इंद्रजित. गोजराकाकूंचा पुतण्या, शेजारच्याच घरातला. बाकीचं मला काकूंनी सांगितलं. आण्णांना ॲम्ब्युलन्समधून नेलं ते नेलंच. तिकडेच गेले, अग्नीही तिकडेच दिला. फौजदार मात्र रोज फाट्यावर जाऊन बसायचा, गाडी ज्या वळणावरून दिसेनाशी झाली तिथं.

मग इंद्रजित रोज संध्याकाळी यायला लागला. तो खालच्या पायरीवर, मी उंबऱ्यात आणि मधे फौजदार.

"काल तुमची मिटिंग चालली हुती, तर ह्यानं तोंड लावलं न्हाई."

"खरंच?"

"मग काय! म्हनला, म्याडम बिझी हायेत, आपन काय जेवायचं."

"हे तो म्हणाला?"

"बोलतो तो... मानूस बगून."

रुमालाआड तो हसला असावा. डोळ्यांच्या कडांना बारीक सुरकुत्या पडल्या.

कधी तो म्हशींबद्दल सांगायचा, कधी गप्प झालेल्या आईबद्दल. समोरच्या अर्धवट इमारतींवर क्रेन थांबून राहिलेल्या, ऊन त्यांच्यामागे उतरत जायचं आणि दोन दमलेली माणसं एका कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत बसायची. मधेच बोटांना बोटं लागायची.

"सॉरी," मी म्हणायचे.

"मला कशाला? त्याची पाठ हाय, त्याला म्हना."

एका संध्याकाळी रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स गेली. भोंगा ऐकताच फौजदार उसळून उठला, दारासमोरच्या गच्चीच्या कठड्याला पाय लावून केविलवाणा ओरडायला लागला. आवाज विरला तरी थांबेना.

"ह्याला कसं सांगू?" इंद्रजित म्हणाला. "मानसाला सांगता येतं. ह्याला वाटतंय, मीच आण्णांना कुटंतरी सोडून आलोय—"

फौजदार परत आला, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून निजला. आणि इंद्रजित त्याच्या मानेत तोंड खुपसून रडला. वडील गेल्यापासून पहिल्यांदा. मी दोन पायऱ्या उतरून त्याच्या शेजारी बसले.

मग परभणीहून आईचा फोन आला. "काम घरूनच आहे ना? मग तिथं एकटी कशाला राहतेस? रविवारी दादाला गाडी घेऊन पाठवते."

मी काकूंना विचारलं, "मी गेल्यावर फौजदार जेवेल ना?"

काकू खळखळून हसल्या. "अगं, त्यो कवाच जेवतोय! सकाळी भाकरी, दुपारी ताकभात. अंगनात निस्ता लोळत असतोय. संध्याकाळचं इंद्राच त्येला वडत आनतोय तुज्याकडं!"

त्या संध्याकाळी फौजदारनं पातेल्याकडे पाहिलं, मोठी जांभई दिली आणि तोंड फिरवलं.

"आज जेवत न्हाई बगा," इंद्रजित म्हणाला.

"पोट भरलं असेल."

त्याचे कान लाल झाले. "...काकू बोलली?"

"हो."

त्यानं सावकाश रुमाल सोडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा पुरता चेहरा दिसला. वाटला होता त्यापेक्षा कोवळा आणि खूप थकलेला.

"घरात पाऊल टाकलं की समदी माझ्याकडं बगत्यात. आता हाच कर्ता. आईफुडं रडता येत न्हाई, बहिनीफुडं दमता येत न्हाई. हितं दमता यायचं... आदी तेवढंच हुतं."

"आणि नंतर?"

"नंतर सकाळपासनं संध्याकाळची वाट बगाय लागलो." तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तुमी जावा घरी. आई वाट बगत आसंल. पन न बोलता ऱ्हायलो तर ते जन्मभर खात बसंल मला. तुमी आवडता मला, ज्ञानदा."

माझं नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

"मी जाणार आहे," मी म्हणाले. "आईच्या कुशीत खूप झोपायचंय. तुमच्याइतकीच दमलेय मी. पण खोली सोडत नाहीये. काकूंना तसं सांगितलंय."

"फौजदारसाटी?"

"तो जेवतोय की आता."

फौजदार आमच्यामधून उठला, आळस देत खाली अंगणात निघून गेला. पायरीवर मधली जागा रिकामी झाली. मी तिथे सरकले. माझा हात त्याच्या हातात होता आणि या वेळी सॉरी कुणीच म्हटलं नाही.

"उद्या त्याला घरीच राहू द्या," मी म्हणाले.

"मग म्या काय सांगून येऊ?"

"काही सांगू नका... नुसते या."